तुपाचा थेंब आणि प्लेगची लस

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेची जुनी वास्तू उभी आहे. टाटा किंवा के.ई.एम. रुग्णालयात खेपा घालताना आपल्यापैकी अनेकांनी ती बाहेरून पाहिली असेल. घरात आजारपण असलेल्या माणसाला इतिहासाकडे पाहण्याची उसंत नसते. तरी या वास्तूशी आपले जुने नाते आहे. सतराव्या शतकात येथे कॅथलिक मठ व चर्च होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी ही जागा येशूसंघीय धर्मगुरूंकडून काढून घेतली. पुढे मुंबईचे गव्हर्नर येथे राहावयास आले आणि जेथे मिस्सा होत असे त्या दालनात मेजवान्या झडू लागल्या. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचे येथेच कॉलऱ्याने निधन झाले. त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. १८९९ च्या ऑगस्ट महिन्यात याच वास्तूत प्लेगची लस तयार करणारी प्रयोगशाळा सुरू झाली.

त्या प्रयोगशाळेत चंबूच्या ओळी मांडलेल्या असत. प्रत्येक चंबूत मांसाचा काढा असे आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत असत. ते मांस गाईचे नव्हते, डुकराचेही नव्हते; ते बकऱ्याचे होते. बकऱ्याचेच का, या साध्या प्रश्नाच्या उत्तरात गेल्या दोन शतकांतील एक मोठा प्रश्न सामावला आहे. जी वस्तू माझा धर्म मला खाऊ देत नाही, ती सुईवाटे माझ्या शरीरात गेली तर चालेल काय? हा प्रश्न हिंदूंनी विचारला, मुसलमानांनी विचारला, आणि थोड्या निराळ्या रूपात आपण कॅथलिकांनीही विचारला. प्रश्न विचारणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे असते. इतिहास मात्र असे दाखवितो की, जेथे या शंकेचा आदर झाला तेथे लस माणसांपर्यंत पोहोचली. जेथे ती हसण्यावारी नेली गेली किंवा फसवून दूर करण्याचा प्रयत्न झाला, तेथे माणसांचा विश्वास गेला.

गाईपासून आलेली लस

लशीची कथाच मुळी गाईपासून सुरू होते. इंग्लंडमधील डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी एका गवळणीच्या हातावरील गोस्तनदेवीच्या फोडातील द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. पुढे त्या मुलाला देवीचा रोग झाला नाही. लॅटिन भाषेत गाईला ‘व्हॅक्का’ म्हणतात. त्यावरूनच ‘व्हॅक्सिन’ हा शब्द आला. आपल्या मराठीतील ‘लस’ हा शब्दही फोडातून स्रवणाऱ्या द्रवाचाच वाचक आहे. आजच्या स्वच्छ कुपीकडे पाहताना या शब्दांमागचा ओला, जिवंत अर्थ आपल्या ध्यानात येत नाही.

ही लस बगदाद आणि बसरामार्गे मुंबईत आली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती यशस्वीपणे टोचण्यात आली. हिंदुस्थानात लस लागू पडलेले हे पहिले मूल. तिच्या दंडावरील फोडातून घेतलेली लस इतर मुलांना दिली गेली, त्यांच्यापासून आणखी मुलांना, आणि अशा रीतीने ती मुंबईबाहेर पसरली. त्या काळी लस साठवून ठेवण्याची सोय नव्हती. एका मुलाचा दंड हाच दुसऱ्या मुलाच्या लशीचा साठा.

हिंदू लोक गाईला पवित्र मानतात, तेव्हा गाईपासून आलेले हे वरदान ते आनंदाने स्वीकारतील, असा काही इंग्रज अधिकाऱ्यांचा होरा होता. तो साफ चुकला. गाईविषयीची पूज्यबुद्धी आणि गाईच्या रोगट फोडातील द्रव अंगात घेणे, या दोन गोष्टी लोकांच्या मनात एक नव्हत्या. शिवाय देवीचा रोग हा शीतळादेवीचा कोप, त्यात माणसाने हात घालावा काय, हा प्रश्न होताच. दंडाकडून दंडाकडे जाणारी लस कोणाच्या जातीच्या मुलाकडून येते, हीही शंका होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासरांच्या अंगावर लस वाढविण्याची पद्धत आली. तिने एका मुलाचा रोग दुसऱ्याकडे जाण्याचा धोका टळला. पण वासराला होणारी इजा पाहून नवे आक्षेप उभे राहिले. कित्येक ठिकाणी म्हशीच्या पारड्यांचाही उपयोग करण्यात आला.

मद्रास प्रांतात एक विचित्र प्रकार घडला. गाईची लस टोचण्याची विद्या आपल्या प्राचीन संस्कृत ग्रंथांत धन्वंतरीनेच सांगून ठेवली आहे, असे छापून प्रसिद्ध करण्यात आले. हेतू चांगला होता. आपल्याच ऋषींचे वचन म्हटल्यावर लोक लस घेतील, अशी अटकळ होती. पण ते वचन बनावट होते, हे पुढे संशोधकांनी दाखवून दिले. गंमत अशी की, ही बनावट कथा यूरोपातही खरी म्हणून फिरली आणि आजही कोणी कोणी ती अभिमानाने सांगतो. दुसऱ्याच्या श्रद्धेला हात घालून त्याचे भले करावयाचे, तेही खोटे बोलून, यात त्या श्रद्धेचा मान नसतो.

काडतुसाचा धडा

श्रद्धेचा मान न राखण्याचे मोल किती जबर असू शकते, हे १८५७ साली दिसले. त्या वर्षी हिंदी शिपायांना एन्फिल्ड बंदुकीची नवी काडतुसे दिली जाणार होती. काडतुसाचे टोक दातांनी तोडावे लागे आणि त्याला लावलेल्या वंगणात गाईची व डुकराची चरबी आहे, अशी वार्ता छावण्यांतून पसरली. गाय हिंदूला अवध्य, डुक्कर मुसलमानाला निषिद्ध. एकाच काडतुसाने दोघांचाही धर्म बुडणार, अशी ही भीती होती.

सरकारने पुढे शिपायांना आपले वंगण आपणच बनविण्याची मुभा दिली. तूप किंवा तेल वापरा, काडतूस दातांऐवजी हातांनी फाडा, असे सांगण्यात आले. पण तोवर संशयाने घर केले होते. जे आता बदलता येते ते आधी का बदलले नाही, ज्या अर्थी बदलले त्या अर्थी आधी काहीतरी होतेच, असा लोकांनी तर्क केला. १८५७ च्या उठावाची कारणे अनेक होती. केवळ काडतुसाने तो झाला असे कोणी इतिहासकार म्हणणार नाही. तथापि माणसाच्या तोंडात काय जाते हा प्रश्न राज्यकर्त्याने क्षुल्लक मानू नये, एवढा धडा त्यातून निघाला. तूप उशिरा आले, हीच त्या प्रकरणातील खरी चूक म्हणावी लागेल.

मांडवीतील ताप

आता आपण चाळीस वर्षे पुढे, मुंबईत येऊ. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात एका विलक्षण तापाने माणसे दगावू लागली. काखेत, जांघेत गाठ येई आणि काही दिवसांत माणूस जाई. हा गाठीचा प्लेग आहे, हे निदान प्रथम करणारा डॉक्टर आपला गोवेकर कॅथलिक बंधू होता. डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १८५६ मध्ये गोव्यातील हडफडे गावी झाला. मांडवीत ते वैद्यकी करीत. त्यांच्या निदानावर आरंभी विश्वास ठेवण्याची पुष्कळांची तयारी नव्हती. व्यापाराचे बंदर, प्लेगचे नाव कोणाला हवे असणार? निदान खरे ठरले. त्यांनी पुढे स्वतः हजारो लोकांना लस टोचली. १९०६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावाला मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे. त्याच्याजवळून आपण कितीदा जातो, पण थांबून नाव वाचणारे थोडे.

प्लेगने मुंबई रिकामी होऊ लागली. गिरगाव, माझगाव, वांद्रे येथील ख्रिस्ती वस्त्यांत त्या काळात क्रूस उभारले गेले. प्लेगपासून रक्षण व्हावे म्हणून लोक सायंकाळी त्यांच्यापाशी जमून रोझरी म्हणत. यांपैकी काही क्रूस आजही उभे आहेत. घरांच्या आणि गाड्यांच्या गर्दीत ते अंग चोरून उभे राहिल्यासारखे वाटतात.

सरकारची वागणूक मात्र कठोर होती. १८९७ च्या आरंभी साथरोगांचा कायदा झाला. घरांची झडती, आजाऱ्याला ओढून रुग्णालयात नेणे, स्त्रियांची अंगे तपासणे, सामान जाळणे असे प्रकार सुरू झाले. त्याआधीच २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. रुग्णालयात नेलेल्या माणसांच्या शरीरातून मोमियाई काढतात, अशी अफवा घरोघर पोहोचली होती. पुण्यात रँडसाहेबाच्या सक्तीने लोक इतके चिडले की, २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. राज्यकर्त्यावर विश्वास उरला नव्हता, अशा वेळी एक परदेशी शास्त्रज्ञ हातात सुई घेऊन मुंबईत काम करीत होता.

बकऱ्याचे मांस

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे एका यहूदी कुटुंबात झाला. रशियात यहूदी माणसाला विद्यापीठात वर चढण्याची वाट जवळजवळ बंदच होती. ते पॅरिसला पाश्चर संस्थेत गेले. तेथे त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. प्लेग सुरू होताच सरकारने त्यांना मुंबईस बोलाविले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन अशिक्षित नोकर. अशा तुटपुंज्या साधनांवर त्यांनी सुमारे तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यांना ताप आला, वेदना झाल्या. पण ते कामावर उभे राहिले. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली.

लस करावयाची म्हणजे आधी प्लेगचे जंतू वाढवावयाचे. जंतूंना अन्न हवे. यूरोपातील प्रयोगशाळांत त्यासाठी गोमांसाचा काढा वापरण्याची रीत होती. हाफकिन यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. गोमांसाच्या काढ्यात वाढविलेली लस हिंदू घेणार नाही. डुकराचा अंश असलेली मुसलमान घेणार नाही. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हाफकिन यांच्या लशीत जंतू काढ्यातून वेगळे केले जात नसत. जंतू मारून तो सगळा काढाच टोचला जाई. तेव्हा लोकांची शंका काल्पनिक नव्हती. चंबूत जे होते ते खरोखरच शरीरात जात होते.

हाफकिन यांनी काढाच बदलला. बकऱ्याचे मांस बारीक करून ते हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये उष्णता देऊन विरघळवीत, मग ॲसिडचा परिणाम घालवून त्यात पाणी मिसळीत. हा काढा चंबूत भरून त्यावर तूप किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडीत. तुपाचे काम धार्मिक नव्हते, शास्त्रीय होते. प्लेगच्या जंतूंना वाढताना वर धरायला आधार लागतो. तुपाच्या थेंबाखाली त्यांचे धागे गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे खाली उतरत. चंबू हलविला की ते तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली पुन्हा नवे पीक येई. असे काही आठवडे चालले की चंबू तासभर तापवून जंतू मारीत, थोडे कार्बोलिक ॲसिड घालीत आणि लस तयार होई.

बकऱ्याने सर्वांचेच समाधान झाले, असे म्हणता येणार नाही. जैनांना, वैष्णव वाण्याला, शाकाहारी ब्राह्मणाला बकऱ्याचे मांसही वर्ज्यच. त्यांच्यासाठी तो पेच राहिलाच. परंतु ज्या दोन मांसांवरून चाळीस वर्षांपूर्वी देश पेटला होता, ती दोन्ही चंबूत नाहीत, हे उघडपणे सांगता येत होते. खोटा श्लोक रचावा लागला नाही. जे टाळता येण्यासारखे होते ते शास्त्रज्ञाने आधीच टाळले. १८५७ प्रमाणे तूप उशिरा आले नाही.

दमणचे आकडे

१८९७ च्या वसंतात प्लेग पोर्तुगीज अमलाखालील दमणला पोहोचला. गावाची नाकेबंदी झालेली, त्यामुळे लोकांना बाहेर पडता येत नव्हते. पोर्तुगीज सरकारच्या साहाय्याने हाफकिन यांनी तेथे लस दिली. त्यांनी नोंदविलेले आकडे असे आहेत. लस घेतलेले २१९७ जण; त्यांपैकी ३६ मरण पावले. लस न घेतलेले ६०३३. त्यांपैकी १४८२ मरण पावले. म्हणजे लस न घेतलेल्यांत जवळजवळ दर चौघांत एक गेला, तर लस घेतलेल्यांत शंभरांत दोनही नाहीत. या व अशा आकड्यांची पुढे सरकारी प्लेग आयोगाने कसून चिकित्सा केली आणि मोजणीतील उणिवा दाखविल्या. तरी लशीने प्लेग होण्याचे व त्याने मरण्याचे प्रमाण बरेच घटते, हा निष्कर्ष आयोगानेही मान्य केला. प्लेगच्या दिवसांत एखाद्या गल्लीतून किती तिरड्या निघाल्या असतील, हे त्या १४८२ या आकड्यावरून समजावे.

मुंबईत लोकांचा विश्वास मिळविण्याचे काम आणखी एका तरुणाने केले. खोजा समाजाचे धर्मप्रमुख तिसरे आगाखान तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. त्यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपली वास्तू दिली आणि आपल्या अनुयायांसमोर स्वतःला लस टोचून घेतली, तीही पुन्हा पुन्हा. हजारो खोजा कुटुंबे त्यांच्यामागून पुढे आली. सरकारने सक्ती करून जे साधले नाही, ते एका धर्मप्रमुखाने स्वतःची बाही वर करून साधले.

विश्वास मिळविण्यास वर्षे लागतात आणि जाण्यास एक दिवस पुरतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस दिलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. दोष प्रथम परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे कळले की, बाटली उघडताना गावातच एक चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. अनेक नामवंत शास्त्रज्ञांनी आवाज उठविल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. पण पंजाबात लस घेणाऱ्यांची संख्या तोवर कोसळली होती. ते पुन्हा हिंदुस्थानात आले, कलकत्त्यास काम केले आणि १९१५ मध्ये निवृत्त होऊन परतले. १९१६ मध्ये त्यांनी यहूदी धर्माचे पारंपरिक नियम काटेकोर पाळण्याच्या समर्थनार्थ एक निबंध लिहिला. इतरांच्या आहारनियमांची बूज राखणारा हा शास्त्रज्ञ स्वतःच्या धर्माच्या नियमांचाही पाईक होता. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

कातडे कमावणाऱ्याच्या घरी

आपण ख्रिस्ती लोक या सर्वांकडे काहीसे दुरून पाहतो. आपल्याला मांसाचा विटाळ नाही. शुक्रवारी आणि उपवासकाळात मांस वर्ज्य करतो तो प्रायश्चित्त म्हणून. पण हे स्वातंत्र्य पहिल्या ख्रिस्तसभेला सहज मिळाले नव्हते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा दहावा अध्याय आठवावा. संत पेत्र याफो येथे शिमोन नावाच्या कातडे कमावणाऱ्याच्या घरी उतरला होता. तेथे गच्चीवर त्याला दर्शन झाले. आकाशातून चादरीसारखे काहीतरी खाली आले. त्यात सर्व प्रकारचे पशुपक्षी होते आणि खाण्याची आज्ञा झाली. पेत्राने नकार दिला. आपण कधी निषिद्ध खाल्ले नाही, असे तो म्हणाला. हे तीन वेळा घडले. त्यानंतरच परराष्ट्रीय शतपती कर्नेल्याच्या घरचा उंबरठा ओलांडण्यास पेत्राचे मन तयार झाले. जो प्रेषितांचा अग्रणी, त्यालाही आहाराची शंका सोडण्यास वेळ लागला, तर इतरांना लागला म्हणून नवल काय?

संत पौलाने करिंथ व रोम येथील मंडळींना लिहिताना याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. मूर्तीपुढे ठेवलेले मांस खाण्यास आपल्याला मोकळीक आहे, हे त्याला ठाऊक होते. पण आपल्या खाण्याने ज्याची सदसद्विवेकबुद्धी दुखावते अशा बंधूसाठी ते मांस सोडण्यास तो तयार होता. जाणत्याने अजाणत्याला हसू नये, उलट त्याच्यासाठी स्वतःच्या ताटात बदल करावा, असा या शिकवणीचा भाव आहे. परळच्या चंबूत गोमांसाऐवजी बकऱ्याचे मांस आले, तेव्हा एका यहूदी शास्त्रज्ञाच्या हातून नेमके हेच घडले.

तोच प्रश्न, नव्या रूपात

प्लेग ओसरला, देवीचा रोग पृथ्वीवरून गेला. पण हा प्रश्न राहिला. आजच्या काही लशी टिकून राहाव्यात म्हणून त्यांत जिलेटिन घालतात आणि ते पुष्कळदा डुकराच्या कातड्यापासून किंवा हाडांपासून काढलेले असते. जीव वाचविण्यासाठी नियम शिथिल होतात, हे तत्त्व बहुतेक धर्मांत आहे. हिंदू त्याला आपद्धर्म म्हणतात. यहूदी परंपरा प्राणरक्षणाला बहुतेक सर्व आज्ञांच्या वर ठेवते. इस्लाममध्ये निरुपायाच्या स्थितीला सवलत आहे. तरीही तत्त्व असणे निराळे आणि आईच्या मनाचे समाधान होणे निराळे. २०१८ मध्ये इंडोनेशियात गोवर-रुबेलाच्या लशीवरून हेच दिसले. ती लस आपल्या पुण्यात तयार झालेली होती. तिच्यात डुकरापासून आलेला घटक वापरल्याचे आढळल्याने तेथील उलेमांच्या परिषदेने ती निषिद्ध ठरविली. मात्र दुसरा पर्याय नसल्याने घेण्यास मुभाही दिली. लोकांनी पहिला शब्द ऐकला, दुसरा पुष्कळांपर्यंत पोहोचलाच नाही. आचे प्रांतात फारच थोड्या मुलांना लस मिळाली. उत्तर आले होते, पण मोहीम सुरू झाल्यावर आले. पुन्हा एकदा तूप उशिरा आले, असेच म्हणावयाचे.

आपल्या देशात जून २०२१ मध्ये कोव्हॅक्सिन या लशीत वासराचे रक्त असल्याची वार्ता पसरली. आरोग्य मंत्रालयाने खुलासा केला: विषाणू ज्या पेशींवर वाढवितात त्या पेशी वाढविण्यासाठी नवजात वासराच्या रक्तातील द्रव वापरतात, तो नंतर धुऊन काढला जातो, तयार लशीत तो राहत नाही. हाफकिन यांच्या काळी काढा शरीरात जात असे. आज बहुधा जात नाही. हा फरक लोकांना समजेल अशा शब्दांत आधीच सांगितला असता, तर वार्तेला इतके पाय फुटले नसते.

याच काळात आपल्या धर्मग्रामांतूनही एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जात होता. काही लशी दशकांपूर्वी गर्भपात झालेल्या भ्रूणांपासून घेतलेल्या पेशींच्या वंशावर वाढवितात, हे खरे काय? रुबेलाच्या लशीबाबत हा प्रश्न जुना होता. पुण्यात तयार झालेली कोव्हिशील्डही भ्रूणाच्या मूत्रपिंडातून सत्तरच्या दशकात काढलेल्या पेशींच्या वंशावर वाढविली जात होती. आपल्यापैकी बहुतेकांनी तीच लस घेतली. जीव हा गर्भधारणेपासून पवित्र मानणाऱ्या आपल्या श्रद्धेला येथे खरीच ठेच लागत होती. हा आहाराचा विटाळ नव्हता, दुसऱ्याच्या पापात आपण सहभागी होतो काय, ही शंका होती. पण तिचे मूळ तेच: माझ्या शरीरात काय येते आणि ते कोठून येते?

ख्रिस्तसभेने या शंकेला हसून उत्तर दिले नाही. परमगुरूंच्या जीवनविषयक अकादमीने २००५ मध्ये सविस्तर विवेचन केले. निर्दोष पर्यायाची मागणी करीत राहणे हे पालकांचे व डॉक्टरांचे कर्तव्य असून, पर्याय नसेल तर मुलांच्या रक्षणासाठी ती लस देता येते, असे तिने सांगितले. २१ डिसेंबर २०२० रोजी व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांतविषयक मंडळाने कोव्हिडच्या लशींबाबत हाच निर्वाळा दिला. अशा लशी घेण्याने गर्भपाताला मान्यता दिल्यासारखे होत नाही. लस घेणे स्वेच्छेने असावे. पण दुर्बळांचे रक्षण व सर्वांचे हित यांचेही भान ठेवावे. ऑगस्ट २०२१ मध्ये तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनी लस घेणे हे प्रेमाचे कृत्य असल्याचे सांगितले. आपल्या शंकेला असे सावकाश, आदराने उत्तर मिळाले म्हणून आपल्यातील पुष्कळांनी शांत मनाने बाही वर केली.

आपल्याला जे मिळाले ते शेजाऱ्यालाही मिळावे. चाळीत, वाडीत, शाळेच्या दाराशी एखादी बाई विचारते, “यात काय घातलंय हो?” तेव्हा ती विज्ञानाची शत्रू नसते. आपल्या देवाशी आणि आपल्या मुलाशी, दोघांशीही प्रामाणिक राहण्याची तिची धडपड असते. आपल्या समाजात परिचारिका आणि डॉक्टर पुष्कळ आहेत. वसईपासून वांद्र्यापर्यंत असे घर विरळा, जेथे एखादी मुलगी किंवा सून रुग्णालयात काम करीत नाही. त्या बाईचा प्रश्न बहुधा प्रथम यांच्याच कानी पडतो. लशीत काय आहे, काय नाही, काय होते आणि काढून टाकले, हे त्यांनी ठाऊक करून घ्यावे आणि न रागावता सांगावे. ठाऊक नसेल तर विचारून सांगते म्हणावे, आणि खरोखरच विचारून सांगावे.

परळच्या त्या वास्तूत आता चंबूंवर तूप सोडले जात नाही. जेथे कधी काळी धर्मगुरू मिस्सा अर्पण करीत, तेथे पुढे एका यहूदी माणसाने हिंदूंसाठी गोमांस टाळले, मुसलमानांसाठी डुक्कर टाळले आणि सर्वांसाठी लस केली. त्या चंबूतून पुढच्या काळात कोट्यवधी मात्रा देशभर व देशाबाहेर गेल्या. परळला पुन्हा कधी जाणे झाले, तर त्या वास्तूसमोर क्षणभर थांबावे आणि प्लेगच्या त्या वर्षांत गेलेल्यांसाठी एक प्रार्थना म्हणावी.